चार दिवसांची दांडी

गेली पंधरा-सोळा वर्षं मी एकाही मुलावर हात उगारलेला नाही. याचा मला नको इतका अभिमान आहे, आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवते. तरी माझ्या वर्गातल्या एका पोरीनं माझ्यामुळं पाच फटके खाल्ले आणि तिची शाळा सुटायची वेळ आली. काठीला मी शिवले नव्हते. एक चिठ्ठी लिहिली होती, तीही दोन ओळींची.

मी मूळची मांडवगण फराट्याकडची. आमच्या शाळेत मार खायचा तर काठीही आपणच आणायची अशी रीत होती. गुरुजी खुर्चीतून न उठता म्हणायचे, "जा, फोक घिऊन ये." मग ज्याचा गुन्हा त्यानं ओढ्याला जायचं, निरगुडीची फोक तोडायची, पानं ओरबाडायची आणि गुरुजींच्या हातात आणून द्यायची. फार बारीक आणली तर सपकन लागते आणि वळ उठतो. जाड आणली तर हाड ठणकतं. वाळकी आणली तर पहिल्याच फटक्याला मोडते, पण मग गुरुजी दुसरी आणायला धाडायचे आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू. मधली आणावी हे शहाणपण दोन-तीनदा मार खाल्ल्यावर यायचं. मला ते कधी आलं नाही, मी घाईत हाताला येईल ती आणायचे.

त्या गुरुजींचा विषय निघाला की आमच्या वर्गातले लोक अजून गहिवरतात. त्यांच्या मारामुळं घडलो म्हणतात. मला नुसता राग येतो. मी घडले असेन तर आई रोज सकाळी भाकरी बांधून मला वेळेवर घराबाहेर काढायची म्हणून.

एवढं सगळं असून नोकरी लागल्यावर माझ्याही टेबलावर लाकडी रूळ होताच. बोटांच्या पेरांवर मारायचे. मुलांना हात लावायचा नाही असा कायदा आला, परिपत्रक आलं, तेव्हा तो कपाटात गेला. मन बदललं म्हणून गेला असं सांगायला मला आवडलं असतं. मन नंतर बदललं, मुलं कारण नसताना टेबलाजवळ येऊन उभी राहायला लागली तेव्हा.

पुढं शिरूर तालुक्यातून दौंड तालुक्यात बदली झाली आणि केडगाव-चौफुल्याच्या पट्ट्यातली ही शाळा मिळाली. या पट्ट्यात गुऱ्हाळं भरपूर. मालक इथले, पण काहिलीवर उभं राहून रस आटवणारे कारागीर उत्तर प्रदेशातले, पोराबाळांसकट येऊन राहिलेले. वीटभट्टीवर विजापूरकडची माणसं. पाटसच्या कारखान्याचा हंगाम लागला की बीडकडच्या ऊसतोडणी कामगारांची मुलं चार महिने येतात. चौथीच्या वर्गात मी "पुस्तक काढा" म्हणाले की पाच बोलींत त्याची कुजबूज व्हायची.

म्हणून मी एक खेळ सुरू केला. रोज एक वस्तू घ्यायची, आणि तिला आपापल्या घरी काय म्हणतात ते प्रत्येकानं सांगायचं. पाणी झालं, भाकरी झाली, झाडू झाला. मुलं सांगायची, पण जांभया देत. मग एक दिवस मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मार खायच्या काठीला घ्या ना."

मी आधी नाही म्हणणार होते. पण बघते तर सगळ्या वर्गाचे हात वर. पाण्याला दोन-दोन मिनिटं विचार करणारी पोरं आता एकमेकांच्या अंगावर चढून बोलत होती. इथली मुलं म्हणाली फोक, शिमटी, दांडकं. बीडचा म्हणाला शिपटी. वरून मोठ्या खुशीत सांगितलं की त्याचे वडील बैलाच्या पराणीनं पण हाणतात. वीटभट्टीवरच्या दोघी बहिणींनी बेत्त आणि बडगी असे दोन शब्द दिले. आपल्याकडे वर्तमानपत्रात कारवाईचा बडगा उगारतात तो या बडगीचा भाऊच दिसतो हे मला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कळलं. त्यांचं बेत्त, आपला वेत, हिंदीतलं बेंत. काठी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना नाव फारसं बदलत नाही असं दिसलं.

सगळ्यात जास्त शब्द दिले गुऱ्हाळावरच्या एका मुलीनं. संटी, कमची, पैना, सोटा. नुसती नावं देऊन ती थांबली नाही, फळ्याजवळ येऊन फरक सांगितला. "बाई, संटी म्हंजी आपली शिमटी. कमची म्हंजी बांबूची चिरलेली पट्टी. पैना बैलाचा. सोटा मोठा असतोय, तो पोरांना न्हाई, चोराला." दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला मराठीतला एक शब्द येत नव्हता. आता ती गावातल्या पोरींसारखी हेल काढून बोलायची, आणि वर्गातल्या सगळ्या हिंदीवाल्यांचं मला समजेल असं करून द्यायची. पालकसभेला बायका आल्या की मी तिलाच शेजारी उभी करायचे.

सगळे शब्द मी कार्डशीटवर लिहून भिंतीला लावले. मुख्याध्यापक आले, वाचलं, डोकं खाजवलं. "मॅडम, ह्ये काय लावलंय? कुणी सायब आलं म्हंजी?"

"भाषा विषय आहे सर," मी म्हणाले.

"विषय हाय, पर काठीच घावली व्हय तुम्हाला?"

मला त्या तक्त्याचं फार कौतुक वाटत होतं. ज्या मुलांना जिल्ह्याचं नाव विचारलं तर माना खाली जातात, त्यांना घरच्या काठीची चार-चार नावं तोंडपाठ आहेत, याचं वाईटही वाटत होतं. पण खरं सांगते, कौतुक जास्त होतं.

त्याच महिन्यात गुऱ्हाळावरची ती मुलगी मधूनमधून शाळेत येईनाशी झाली. दर बाजाराच्या दिवशी तिची जागा रिकामी. मी विचारलं तेव्हा म्हणाली, आई बाजाराला जाते, धाकट्याला सांभाळायला कोणी नसतं. तिचे वडील पहाटे चुलाण पेटलं की काहिलीवर उभे राहतात ते संध्याकाळपर्यंत. घरात कोण शाळेत गेलं, कोण नाही, त्यांना पत्ता नसतो. महिन्यात असे चार दिवस झाले. चार काही जास्त नव्हेत. पण अशा मुली कशा सुटतात ते मी पाहिलं आहे. आधी बाजाराचा दिवस, मग आईचं दुखणं, मग गावाकडं लग्न, आणि मग एक दिवस तिची वही आपल्याकडंच राहिलेली असते. ही मला सोडायची नव्हती. पाचवीला जावी, दहावी व्हावी, असं मी मनात ठरवूनच टाकलं होतं. तिनं मला काही विचारलं नव्हतं, तिच्या आईबापांनीही नाही.

म्हणून मी तिच्या वहीत चिठ्ठी लिहिली. वडिलांना देवनागरी वाचता येते हे मला ठाऊक होतं, प्रवेशाच्या वेळी सही त्यांनी झोकात केली होती. मी लिहिलं: "तुमच्या मुलीने या महिन्यात चार दिवस दांडी मारली आहे. पालकांनी मला भेटावे."

दांडी मारली हा शब्द आमच्या शाळेत सकाळ-संध्याकाळ वापरतात. मास्तर वापरतात, मुलं वापरतात, मी स्वतः एखाद्या लग्नासाठी रजा टाकली की पोरं दुसऱ्या दिवशी "बाई, काल दांडी मारली!" म्हणून ओरडतात. कडक भाषा नको, बाप दचकायला नको, म्हणून मी हलकाफुलका शब्द शोधला. तेवढी काळजी मी घेतली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला वडील तिला घेऊन आले. अंगावर रसाचे डाग पडलेला शर्ट, हातात कागदात बांधलेली गुळाची एक ढेप. मुलगी त्यांच्या मागं, पूर्ण बाह्यांच्या स्वेटरमध्ये. ऊन चांगलं वर आलं होतं.

त्यांनी ढेप माझ्या टेबलावर ठेवली. "मैडम जी, ये भेंट ले आया। आपने लिखा था।"

मला काही कळेना. मी म्हणाले, भेटायला बोलवलं होतं, भेट कशाला आणली? ते म्हणाले, "हाँ जी, भेंट। जिसको इसने मारा, उसके घर दे देना। हम परदेसी आदमी हैं, झगड़ा नहीं चाहते।"

"कोणाला मारलं हिनं?"

"आप बताओ। आपने ही तो लिखा, चार दिन डंडी मारी।" त्यांनी वही उघडून माझ्याच ओळीवर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. अक्षर न अक्षर बरोबर वाचलं. दांडी म्हणजे डंडी, डंडी म्हणजे काठी, आणि मारली म्हणजे मारली. चार दिवस त्यांची मुलगी शाळेत कोणाला तरी काठीनं मारत होती.

"सज़ा मैंने दे दी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. काम झालं हे कळवावं तसं सांगत होते. "चार दिन की चार संटी। हमारे यहाँ शहतूत की होवे है, यहाँ मिली नहीं, तो सुबाभूळ की तोड़ी।"

ही पुढची गोष्ट लिहायची मला लाज वाटते, पण लिहिते. त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा की शहतूताची, म्हणजे तुतीची, संटी, हे तक्त्यावर नाही. मग मी मुलीकडं पाहिलं. तिनं स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून मुठीत धरल्या होत्या.

"और एक झूठ की," वडील पुढं म्हणाले.

"खोटं काय बोलली?"

"कह रही थी, पापा, इसका मतलब छुट्टी करना होवे है। मैंने कही, मुझे पढ़ना मत सिखा। डंडी मारी साफ़ लिखा है, छुट्टी कहाँ लिखी है? फिर भी वही बोलती रही, छुट्टी, छुट्टी। तो एक और दी। तब चुप हुई।" मग शर्टाच्या खिशातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. "इसका दाख़िला काट दो जी। गाँव भेज रहा हूँ दादी के पास। लड़की की जात, यहाँ मारपीट करेगी तो कल को कौन ज़िम्मेदार?"

अर्ज होता. कोणाकडून तरी मराठीत लिहून घेतलेला, शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत. खाली झोकात सही.

मी जे येईल त्या हिंदीत बोलत सुटले. माझं हिंदी दूरदर्शनच्या जुन्या मालिकांवर झालेलं, रागात ते आणखी मोडतं. म्हटलं, तिनं कोणाला मारलं नाही. दांडी मारणं म्हणजे खरंच सुट्टी करणं. ती बाजाराच्या दिवशी धाकट्याला सांभाळते म्हणून येत नाही, तेवढंच मी लिहिलं होतं. ती खरं बोलत होती. चूक माझी आहे.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हात जोडले. "आपका दिल बड़ा है मैडम जी। बच्ची को बचा रही हो। सब बोलते हैं आप मारती नहीं।"

म्हणजे माझी कीर्तीच आड आली. मी मुलांवर हात उगारत नाही, तेव्हा मुलीला वाचवायला मी खोटंही बोलेन, असा त्यांचा हिशेब. मी वर्गातल्या मुलांना हाक मारणार होते, पण मुलांचं ते का ऐकतील? स्वतःच्या मुलीचं ऐकलं नव्हतं. मुख्याध्यापक तालुक्याला गेलेले. अर्ज टेबलावर ढेपेखाली अडकून बसलेला. एरवी ही मुलगीच माझं बोलणं लोकांना समजावून द्यायची. मला तिला मध्ये बोलवायचा धीर झाला नाही.

शेवटी मी म्हटलं, "तुमच्या मालकाला फोन लावा."

ते घाबरले. "मालिक को क्यों?"

"काही सांगू नका. फक्त विचारा, दांडी मारली म्हणजे काय. फोन स्पीकरवर ठेवा."

त्यांनी लावला. पलीकडं गुऱ्हाळाच्या इंजिनाचा आवाज. हे म्हणाले, "मालिक, एक बात पूछनी थी। वो डांडी मारली..."

पुढचं बोलूच दिलं नाही. "आरं, कुणी दांडी मारली? आज कोण कामावं आलं न्हाई? चुलाणावर कोण हाय मग? तू कुठं हाईस? काहिल सोडून तू बी दांडी मारली व्हय रं!"

एरवी मी हसून लोळले असते. मालक आणखी बरंच बोलत होते. यांनी "आता हूँ मालिक" म्हणून फोन बंद केला आणि तो हातात धरून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "इसने तो बताया था।"

"हो," मी म्हणाले.

मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. आपल्या लेकीचं खरं मानायला त्यांना मालकाची शिवी लागली. आणि मी तरी काय केलं? तिला दोन्ही भाषा येतात म्हणून ती माझ्या फार उपयोगाची होती. पण तिच्याच घरी जाणारी ओळ लिहिताना तिला एकदा विचारावं, हे मला सुचलं नव्हतं.

वडिलांनी अर्ज काढून घेतला, घडी केली, खिशात ठेवला. दाखल्याचं नाव पुन्हा काढलं नाही. बाजाराच्या दिवशी धाकट्याला गुऱ्हाळावर आपल्याजवळ ठेवीन, असं मी न विचारताच ते म्हणाले. उठताना त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढं केला. तिनं मान बाजूला घेतली. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग काहिलीतला रस करपेल म्हणत ते घाईनं गेले. गूळ न्यायला सांगितलं तर ऐकलं नाही.

वर्गात पोरांचा गोंधळ चालला होता. मी तिला माझ्या खुर्चीशेजारी बसवलं. वळ बघू का म्हटलं, तर नको म्हणाली. मी तिची माफी मागितली. मराठीत मागितली, मग हिंदीत पण मागितली, कारण कोणत्या भाषेत तिला ती खरी वाटेल हे मला समजत नव्हतं. पुन्हा कधी वहीत तसला शब्द लिहिणार नाही, असंही म्हणाले. आणि भीत भीत विचारलं, "उद्या येशील ना?"

"यीन की," ती म्हणाली. हे तिनं इतकं सहज म्हटलं की माझे डोळे भरून आले. मग मला एखादं गणित समजावून द्यावं तसं ती म्हणाली, "बाई, तुम्ही गैरहजर ल्ह्यायचं व्हतं. ते पप्पांना कळतंय. आमच्यात पण तसंच म्हणत्यात."

हजेरीपट समोरच पडला होता. त्यात त्या चारही दिवसांपुढं मी तोच शब्द लिहिला होता, तपासायला येणाऱ्या साहेबांना नीट कळावा म्हणून.